स्पर्शाला उशीर चालत नाही

दूरच्या माणसाचा हात रोबोच्या मदतीने हातात घेता यावा, या पीएचडी संशोधनावरचा लेख फार आवडला. फक्त स्पर्शाचा संदेश नेटवर्कवरून पोचायला होणाऱ्या उशिराचा मुद्दा दोन ओळींत आटोपलाय, आणि खरी अडचण तिथेच आहे. चित्र सेकंदाला ३० वेळा बदललं तरी डोळ्यांना चालतं. पण कडक वस्तूचा स्पर्श खरा वाटायला रोबोच्या मोटरला सेकंदाला साधारण १००० वेळा नवा आदेश द्यावा लागतो. संदेश रेंगाळला तर पलीकडचा यांत्रिक हात नुसता मागे पडत नाही, थरथरायला लागतो. प्रकाशसुद्धा फायबरमधून (इंटरनेटच्या काचेच्या तारेतून) एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटरच जातो, त्यामुळे नेटवर्क कितीही सुधारलं तरी हा उशीर पुरता जाणार नाही. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये बसून सर्जननी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय रोबोने काढलं, तेव्हाही त्यांच्या हाताला स्पर्श परत मिळत नव्हता.

शिवाय नुसता दाब म्हणजे स्पर्श नव्हे. केसाळ त्वचेतले काही मज्जातंतू हळुवार, त्वचेइतक्याच उबदार कुरवाळण्याला सर्वाधिक प्रतिसाद देतात. थंड पंजाने ते कसं साधणार? संशोधकांनी मोटरइतकंच लक्ष उबेकडे द्यावं, असं मला मनापासून वाटतं.