‘जहाज म्हणून वखारीत नेलं’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

रविवारी तुम्ही दोन्ही मुलांना घेऊन नाशिकच्या आमच्या वखारीत मचवा, म्हणजे शिडाची लाकडी होडी, बघायला आला होतात. रात्री एक स्टार देऊन लिहिलंत: ‘जहाज म्हणून वखारीत नेलं. पाण्यात नाही, शीड गुंडाळलेलं, मुलांना वर चढू दिलं नाही. वर तो पोरगा थापा मारतो, की मुंबईत बांधलेलं दोनशे वर्षांपूर्वीचं जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगतंय. माणशी १५० रुपये पाण्यात गेले.’

शेवटच्या वाक्याला हसलो, खोटं कशाला सांगू. मचव्याच्या नाही, पण पैशांच्या तरी नशिबी पाणी आलं.

फ्लेक्सचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. गेटवर तीन डोलकाठ्यांचं, शिडं फुगलेलं जहाज, आणि आत कोकणातून ट्रकवर आणलेला जुना मचवा. सोमवारी सकाळीच तो फ्लेक्स उतरवला. वर चढणं बंद आहे हेही तिकीट फाडायच्या आधी सांगायला हवं होतं. मुलांच्या तिकिटांचे पैसे केव्हाही येऊन घेऊन जा.

आता चढू का दिलं नाही ते. मचवा पाण्यात असतो तेव्हा फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये बरोबर उलटं होतं. परवा नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, फटीत माझी करंगळी गेली. तिथे तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठासायचं काम चालू आहे, वास त्याचाच. तुम्हाला अडगळ वाटली ती ओली गोणपाटं लाकूड आणखी सुकू नये म्हणून टाकलेली आहेत. ‘गंगापूर धरणात सोडा की’ असं बरेच जण सुचवतात. परवानग्यांचं राहू द्या. या फटी घेऊन सोडला तर तासाभरात तळाशी बसेल.

थापेचं मात्र मान्य नाही. माहिती देणारा माझा भाचा आहे, बोलतो भरभर, पण बोलला ते खरं. त्या जहाजाचं नाव त्रिंकोमाली. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओकच्या लाकडाची चणचण भासू लागली, म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडियांकडे काम दिलं. मलबारचा साग वापरून जमशेटजी बमनजी वाडियांनी ते बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. पुढे नाव बदलून १९८६ पर्यंत त्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचं शिक्षण दिलं जायचं. मग हार्टलपूलला नेऊन दहाएक वर्षं खपून दुरुस्त केलं. आज पाण्यावर तरंगणारी ती ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका आहे. आमच्या मचव्याचा कणाही सागाचा, म्हणून शाळांच्या सहलींना ही गोष्ट आम्ही सांगतोच. ती यापुढेही सांगू. फक्त भाच्याला जरा सावकाश बोलायला सांगितलंय.

पाऊस सुरू झाला की फळ्या सावरतात. तेव्हा फोन करून या, वर चढवतो, शीडही उघडतो. तिकीट नको.

आणि हो, तुमच्या धाकटीने विचारलं होतं, ‘गोदावरीतून हा समुद्रात जाईल का?’ गर्दीत उत्तर राहून गेलं. तिला सांगा, अरबी समुद्र इतका जवळ असून आपली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. मचवा मात्र पैठणपुढे जायचा नाही, तिथे जायकवाडीची भिंत आडवी आहे.