जुन्या बुलेटचा कार्बोरेटर भंगारात घालू नका

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटवाल्यांमध्ये एक मेसेज हातोहात फिरतोय. म्हणणं असं: मिककार्ब, म्हणजे या गाड्यांवरचा कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण देणारा भाग), ओव्हरफ्लो व्हायला, म्हणजे त्यातून पेट्रोल वाहायला लागलं, की तो संपला. तोवर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) तारेने साफ करा, एअर स्क्रू फिरवून मिसिंग, म्हणजे इंजिनाचं अडखळणं, काढा. नाहीतरी २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तो चालणार नाही, तेव्हा सरळ नवा बसवा. या सल्ल्यापायी धडधाकट कार्ब फेकले जातायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ओव्हरफ्लो हा बहुतेक वेळा बॉडीचा दोष नसतोच. कार्बची खालची वाटी उघडा, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तरंगकाची) पेट्रोल अडवणारी पिन काढा आणि तिच्या निमुळत्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं, गोल चरा दिसला, की चोर सापडला. पिन आणि ती जिथे बसते ती सीट जोडीनेच बदला. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून जड झालाय.

तार तर मुळीच नको. जेट पितळेचा, मऊ. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. स्टीलची तार एकदा घातली की भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पीत राहते आणि कारण कुणाला सापडत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडासमोर धरून भोक गोल दिसतंय का बघा.

सगळ्यात जास्त नुकसान एअर स्क्रूच्या सल्ल्याने होतं. हा स्क्रू फक्त आयडलिंग (मूठ न फिरवता इंजिन चालू) आणि साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच (मूठ पाव फिरवेपर्यंत) बोलतो. पुढे पाऊण थ्रॉटलपर्यंत स्लाइडची (मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या दट्ट्याची) सुई आणि ती ज्यात शिरते तो नीडल जेट, त्यानंतर मेन जेट. म्हणून मुठीवर चिकटपट्टी लावा, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि चालवून बघा गाडी नेमकी कुठे अडखळते. अर्ध्यावर अडखळत असेल तर स्क्रू दिवसभर फिरवून काय होणार? तिथे सुईची क्लिप एक खाच वरखाली करायची: क्लिप वर घेतली की सुई खाली बसते, पेट्रोल कमी होतं. आणि हे सगळं करण्याआधी इग्निशनच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) पॉइंटचा गॅप तपासा, ०.३५ ते ०.४० मिमी. कार्बच्या नावावर खपणारं कितीतरी मिसिंग पॉइंट आणि कंडेन्सरचं असतं. गाडी थोडं चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की सुरू होते? मग झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

इथेनॉलचा मुद्दा अर्धा खरा आहे. पेट्रोलला हवा लागते वजनाने सुमारे १४.७ पट, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. जुनी रबरंही फुगतात. पण त्यावर इलाज आहे: प्लगचा रंग बघत मेन जेट एक नंबर मोठा, रबरं इथेनॉल सोसणारी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

कार्ब खरंच संपतो तो स्लाइड आणि तिची बोअर झिजल्यावर. मूठ बंद असताना स्लाइड बोटाने हलवा. ती खडखडत असेल, आयडलिंग कधीच एका जागी टिकत नसेल आणि मॅनिफोल्डच्या फ्लँजमधून (कार्ब इंजिनाला जोडतो त्या सांध्यातून) हवा शिरत नसल्याची खात्री केली असेल, तर खुशाल नवा घ्या. मात्र त्यातले जेट तुमच्या इंजिनाच्या नंबरचे आहेत का, हे बसवण्याआधी उघडून बघा.