जाडी नको, बाकी सगळे हवे

पॉवर बँक घ्यायला निघण्यापूर्वी ती आपल्याला नेमकी कशासाठी हवी आहे याचा विचार करू नये, कारण तो केल्यास खरेदी होत नाही. फोन सकाळी घरातून पूर्ण भरून निघतो, कचेरीत टेबलाखाली सॉकेट असते, मोटारीत चार्जर असतो. मग विचार करणाऱ्या माणसाच्या लक्षात येते की पॉवर बँक लागते ती सिंहगडावर, लांबलेल्या लग्नात आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवलेल्या एखाद्या गुरुवारी, एवढीच. इतक्या थोड्या कारणासाठी कोणी पुण्याच्या बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधत फिरणार नाही. तेव्हा विचार टाळून सरळ तिथली विजेच्या वस्तूंची तपकीर गल्ली गाठावी आणि पहिल्याच दुकानाच्या पायरीवरून विचारावे, “यापेक्षा बारीक नाही का?” दुकानदाराने अद्याप काहीही दाखवलेले नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. आमच्या मामांनी तो तसाच विचारला होता आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, यावरून आपण पहिले नव्हतो एवढे मला कळले.

मागणी कशी मांडावी, हेही मामांकडून शिकण्यासारखे आहे. वस्तू एटीएम कार्डाएवढी बारीक असावी, तिच्यावर फोन तीन दिवस चालावा, ती अर्ध्या तासात भरावी, तापू नये, केबल तिच्यातच बसवलेली असावी परंतु दिसू नये आणि किंमत हजाराच्या आत असावी. या सहा अटी एकाच श्वासात सांगाव्यात. श्वास घ्यायला थांबल्यास दुकानदार मध्येच “साहेब, यातल्या कुठल्याही दोन सांगा” असे म्हणण्याचा संभव असतो. तसे तो म्हणालाच, तर त्याला स्वतःचा माल खपवता येत नसल्याची जाणीव करून द्यावी आणि शेजारच्या दुकानाकडे अर्धे पाऊल वळवावे. पूर्ण वळवू नये, कारण शेजारीही तेच सांगतात.

दुकानदाराला गणित मांडू देणे ही सर्वांत मोठी चूक होय. ते गणित पुढीलप्रमाणे असते आणि ते आपल्या कानावर पडू नये म्हणूनच मी येथे देत आहे. एटीएम कार्ड 85.6 मिलिमीटर लांब, 54 मिलिमीटर रुंद आणि 0.76 मिलिमीटर जाड असते, म्हणजे त्याचे घनफळ साडेतीन घनसेंटीमीटर भरते. आजच्या चांगल्या लिथियम-पॉलिमर सेलमध्ये एका घनसेंटीमीटरला साधारण 0.6 वॅट-तास ऊर्जा मावते. संपूर्ण कार्ड आतून-बाहेरून केवळ सेलचेच बनवले, त्याला आवरण नाही, सर्किट नाही, दिवा नाही असे मानले, तरी हाती दोन वॅट-तास लागतात. आपल्या 5000 एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) फोनला सुमारे 19 वॅट-तास लागतात. म्हणजे वाटेतली गळती धरता ही कार्डाएवढी पॉवर बँक फोनला दहा टक्केही भरणार नाही, आणि ती भरायचे ठरवलेच तरी केबल खुपसायची कोठे हा प्रश्न उरतो, कारण टाइप-सीची पिनच 2.4 मिलिमीटर जाड असते. मामांना हे मी तेथेच कागदावर करून दाखवले. त्यांनी कागद शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, “ते असू दे. याच्यात काळ्या रंगात आहे का?”

पूर्वीच्या जाडजूड पॉवर बँकांत 18650 या नावाचे दंडगोल सेल असत. त्यांचे नावच त्यांची मापे सांगते, 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. म्हणून त्या बँका 18 मिलिमीटरांहून बारीक होणे शक्यच नव्हते आणि ग्राहकही निमूटपणे ते साबणाच्या वडीसारखे ठोकळे वागवत. पुढे फॉइलच्या पाकिटात बंद केलेले चपटे सेल स्वस्त झाले आणि आपल्या अपेक्षांना आवर राहिला नाही. वास्तविक या चपट्या सेलांनाही वाटीत मापून घ्यावी इतकी जागा लागतेच. 10000 एमएएचला 37 वॅट-तास, म्हणजे सुमारे 62 घनसेंटीमीटर; ते फोनच्या आकारावर पसरले तरी नुसत्या सेलची जाडी सहा मिलिमीटर होते, आणि वर आवरण व सर्किट धरून ती आठ-दहा मिलिमीटरांवर जाते. यापेक्षा बारीक वस्तूवर 10000 छापलेले दिसले, तर निर्मात्याने एक तर पदार्थविज्ञानात क्रांती केली आहे किंवा छपाईत. आपण क्रांती पदार्थविज्ञानात झाली असे धरून चालावे. त्याने मन प्रसन्न राहते.

आकडा मोठा असावा याविषयी तडजोड नको, परंतु तो कशाचा आहे याची चौकशीही नको. डब्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले 10000 एमएएच हे आतल्या सेलचे, 3.7 व्होल्टवरचे माप असते. बाहेर पाच व्होल्टने वीज द्यायची म्हटल्यावर तेच माप कागदोपत्री 7400 होते आणि रूपांतरात होणारी गळती वजा जाता सहा हजारांच्या आसपास येऊन बसते. हा खरा आकडा पाठीमागे, ‘रेटेड कपॅसिटी’ या शब्दांखाली, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत छापलेला असतो, आणि तो वाचण्यासाठी फोनचा टॉर्च लावावा लागतो, ज्याने फोनची बॅटरी उतरते. 5000चा फोन 10000च्या बँकेवर दोनदा भरेल असे मानणाऱ्यास तो फार तर दीड वेळा भरलेला दिसतो. उरलेला अर्धा कोठे गेला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणारे मी पाहिले आहेत. दुधात पाणी घातल्याचा संशय यावा तसा त्यांचा आवेश असतो.

वजनाबाबत पुणेकरांना काही शिकवावे अशी माझी योग्यता नाही. ज्या शहराने हेल्मेट डोक्याला जड होते, ही तक्रार वर्षानुवर्षे नेटाने लढवली, त्याला दोनशे ग्रॅमची पॉवर बँक खिशाला जड होणे अगदी स्वाभाविक आहे. त्याच खांद्याच्या पिशवीत अर्धा किलो बाकरवडी, भरलेली पाण्याची बाटली आणि ऑक्टोबरातही न काढलेली छत्री असते हा मुद्दा कोणी काढल्यास, ती वजने वेगळी, असे ठामपणे सांगावे.

तारेचा जाच ज्यांना सोसवत नाही, त्यांनी फोनच्या पाठीला चुंबकाने चिकटणारी बँक घ्यावी. तिच्यात तारेच्या तुलनेत बरीच अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाटेतच जाते, परंतु ती उष्णता वाया जाते असे म्हणता येणार नाही, कारण ती फोनला, हाताला आणि हिवाळ्यात कोटाच्या खिशाला मिळते. शिवाय या प्रकारात एक तात्त्विक समाधान आहे. 2025च्या सप्टेंबरात ॲपलने 5.6 मिलिमीटर जाडीचा आयफोन एअर आणला आणि त्याच्याच सोबत, फक्त त्याच फोनला चिकटेल अशी बॅटरी वेगळी विकायला ठेवली. आधी पैसे देऊन जाडी काढून घ्यायची आणि मग पैसे देऊन ती परत लावायची, हा व्यवहार लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणा शिंप्याने केला असता तर आपण त्याला दुकानाबाहेर उभे राहून चार गोष्टी सुनावल्या असत्या.

भारतात पॉवर बँकेला मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तिच्यावर मानकाचा आकडा आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. तपासायला मिनिटभर लागते. आपण तो मिनिट पन्नास रुपये कमी करून घेण्यात घालवावा.

विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकून ती सामानात देऊन टाकावी, म्हणजे लोहगावला आपल्या नावाचा पुकारा होऊन सर्वांना आपण दिसतो. ती हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि 100 वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी चालते, हे ज्यांना ठाऊक असते त्यांना हा मान मिळत नाही. 20000 एमएएचची बँकसुद्धा 74 वॅट-तासांचीच असते, त्यामुळे अडण्याचे खरे तर कारण नसते. परंतु आपण घेतलेल्या सडपातळ, स्वस्त बँकेवरची छपाई तोवर खिशात घासून गेलेली असते आणि मग ती किती वॅट-तासांची आहे हे सुरक्षा कर्मचाऱ्याला तोंडी पटवून द्यावे लागते.

मामांनी शेवटी जी घेतली ती दुकानातली सर्वांत बारीक होती. जाडी कमी करताना बनवणाऱ्याने सेलला फुगायला ठेवतात ती मोकळी जागाही काढून टाकली असावी, असे आता वाटते. मामांनी ती दोन उन्हाळे स्कूटरच्या डिकीत ठेवली. उष्णतेने आतले द्रावण विघटित होऊन वायू होतो. लोखंडी दंडगोल त्याला बराच दाब देऊन धरतो, फॉइलचे पाकीट धरत नाही. दुसऱ्या मे महिन्यात तिच्या दोन्ही बाजू कचोरीसारख्या वर आल्या आणि सांधा उकलला. मामींनी तिच्यावर पाटा ठेवून ती सपाट करण्याचे सुचवले.

येथे क्षणभर उपरोध बाजूला ठेवतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, भरायला लावू नये आणि घंटागाडीत टाकू नये. ती कचऱ्याच्या ढिगात दबून पेटली तर भाजतात ते आपल्या कचऱ्याचे वर्गीकरण करणाऱ्या बाईचे हात. मामांना हे पटले, हे त्यांच्याविषयी मुद्दाम नोंदवले पाहिजे. एका रविवारी ई-कचरा गोळा करण्याचे शिबिर लागले होते, तेथे ते ती चिनी मातीच्या बरणीत ठेवून, बरणी दोन्ही हातांत धरून घेऊन गेले. टेबलामागच्या स्वयंसेवक मुलाने बरणीत डोकावून पाहिले.

“काका, एवढी जाड कुठे मिळाली?”

“घेतली तेव्हा बारीक होती,” मामा म्हणाले आणि बरणी परत मागून घेतली.