‘रुग्ण शांत दिसले की केंद्र चांगलं’: हा मेसेज पुढे पाठवू नका

‘बुढ्या आईवडिलांसाठी चांगलं केंद्र कसं ओळखाल’ असा एक मेसेज वर्धा-यवतमाळकडच्या गावागावांतल्या ग्रुपवर फिरतोय. परवा शेजारच्या काकू तो दाखवून विचारत होत्या, “मग यांना असल्याच केंद्रात ठेवू का?” त्यात पाच खुणा आहेत. रुग्ण पलंगावर शांत असावेत, पडू नयेत म्हणून रात्री बांधत असावेत; महिनाभर घरच्यांची भेट बंद असावी; 21 दिवसांत आठवण परत यायची हमी असावी; लकव्याला रोज जोरदार मालीश असावी; खोलीत एसी असावा. एसीबद्दल भांडण नाही, 45 अंशांत तो हवाच. बाकीचं मात्र वाचायलाही नको वाटतं.

आधी बांधण्याचं, कारण त्यात जीव जातो. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, पट्ट्यासकट पलंगाच्या कठड्यावरून लटकतो आणि फास बसतो. जो धडपडत नाही त्याला कूस बदलता येत नाही. मग माकडहाड आणि टाचा आधी लाल, नंतर काळ्या पडतात, पायाच्या शिरेत गुठळी होते, छातीत कफ साचतो. दोन आठवड्यांत मांड्या इतक्या सुकतात की सोडल्यावर तो खरंच पडतो. वर केंद्रवाले म्हणतात, “बघा, म्हणूनच बांधत होतो.”

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 97 याबाबत स्पष्ट आहे. इजा अगदी तोंडावर असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल तरच, तेही मानसोपचार तज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. कारण आणि वेळ केसपेपरवर लिहावी लागते, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीने बघायला नेमलेल्या माणसाला) 24 तासांत कळवावं लागतं. साखळीला तर कलम 95 ने पूर्ण बंदी आहे. म्हणून केंद्रात गेल्यावर तीच नोंद मागा. “रोज रात्री बांधतो, नोंद कशाला?” असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा.

दोरी निदान दिसते, गोळी दिसत नाही. भर दुपारी सगळे पेंगलेले, तोंडातून लाळ, हाक मारली तरी डोळा उघडत नाही, अशी शांतता दिसली तर औषधाची चिठ्ठी बघा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्विटियापिन ही मनोविकारावरच्या (अँटिसायकोटिक) औषधांची नावं शोधा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. डिमेंशियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका सुमारे 1.6 ते 1.7 पट होतो. 2008 मध्ये जुनी औषधंही त्यात आली. कधी कधी थोड्या दिवसांसाठी लहान डोस लागतो, हे खरं. पण कशासाठी दिला आणि कमी कधी करणार, हे डॉक्टरांनी सांगायला हवं. चालू गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका.

आणि बुढा रात्री कशासाठी उठतो, हे कुणी विचारतच नाही. लघवी लागलेली असते, पोट साफ नसतं, गुडघा ठणकतो, तहान लागते. ज्याने जन्मभर पहाटे 4 ला उठून बैलांना कुटार टाकलं, तो 4 ला उठणारच. त्याला बुटका पलंग, संडासच्या वाटेवर मंद दिवा, कुंपण घातलेलं अंगण आणि दिवसा तुरीच्या शेंगा सोलायला द्या. रात्री 2 ला किती जण जागे असतात, हे विचारा. बाही वर करून मनगटावर वळ आहेत का ते बघा. टाचा उघड्या करून बघा. जो स्वतः वळू शकत नाही त्याची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायला हवी, आणि तो तक्ता पलंगाशी लावलेला असावा.

21 दिवसांची हमी थाप आहे. बी-12 जीवनसत्त्व कमी, थायरॉइड, सोडियम घसरणं, पडल्यावर मेंदूवर साचलेलं रक्त, उन्हाळ्यात पाणी कमी पडून झालेला भ्रम, यांतून माणूस सुधारतो, एवढं मान्य. पण ते तपासणीने सापडतं. आधी सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला दाखवा. अल्झायमर, म्हणजे डिमेंशियाचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, कुणी उलटवत नाही.

भेटबंदीही नको. घरचे निघून गेल्यावर पहिले काही दिवस माणूस जास्त बेचैन होतो, हे खरं, म्हणून भेट थोडक्यात ठेवा. महिनाभर दार बंद ठेवलं तर वळ कुणाला दिसणार?

राहिली मालीश. लकव्याचा खांदा ढिला असतो. तो हात ओढून उठवलं की सांधा निसटतो आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. चोळून पाय चालत नाही, त्याला पुन्हापुन्हा उभं राहायचा सराव लागतो. फिजिओथेरपिस्ट आठवड्यात किती दिवस येतो, बाकीच्या दिवशी सराव कोण करून घेतं आणि महिन्याभराचं उद्दिष्ट काय (संडासपर्यंत काठीने, असं नेमकं) ते लिहून मागा.

आणि जा ते न सांगता, जेवणाच्या वेळी. लकव्याच्या माणसाला ताठ बसवून, लहान चमच्याने, पहिला घास गिळल्यावरच दुसरा देतात का ते बघा. पाण्याच्या घोटाला ठसका लागतो किंवा आवाज ओलसर होतो, तिथं पाणी फुप्फुसात जात असण्याची शक्यता असते. तरीही पडल्या पडल्या भरवत असतील तर बाकी काही विचारायची गरज नाही. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.