जागा आहे, पण सलग नाही

आर्डुइनो उनो आर३ या छोट्या बोर्डावरच्या चिपमध्ये रॅम किती, तर २०४८ बाइट. ग्लोबल व्हेरिएबल्सनी आपली जागा अडवली की उरलेल्यात एकीकडून हीप (प्रोग्राम चालू असताना मागून घ्यायची मेमरी) वर सरकतो, दुसरीकडून स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या व्हेरिएबल्सची जागा) खाली उतरतो. मधे ना भिंत, ना पहारेकरी. दोघांची टक्कर झाली तरी चिप हूं की चूं करत नाही. थर्मामीटर अचानक उणे २१४ अंश दाखवतो आणि शिव्या बिचाऱ्या सेन्सरला बसतात.

अशा जागेत बिनधास्त मॅलॉक मारणाऱ्यांना, म्हणजे हीपमधून मेमरी मागणाऱ्यांना, माझा दुरूनच नमस्कार. त्यांचं म्हणणं असतं, ‘फ्री केलंय की, मेमरी परत दिलीय!’ केलंय, मान्य. पण समजा ६०० बाइटच्या हीपमध्ये शंभर-शंभरचे सहा ब्लॉक घेतले (प्रत्येक ब्लॉकच्या नोंदीसाठी जाणाऱ्या हेडरचा हिशोब तूर्त राहू द्या) आणि पहिला, तिसरा, पाचवा सोडला. मोकळे झाले ३००. आता १५० मागा. हाती येतो नल, म्हणजे ‘जागा नाही’ सांगणारा शून्य पत्ता! उरलेले ब्लॉक सरकवून जागा सलग करावी, तर त्यांचे पत्ते धरून बसलेले पॉइंटर तोंडघशी पडतात. बरं, तो नल न तपासता त्यात लिहिलं तर? उनोच्या या एव्हीआर जातीच्या चिपमध्ये शून्य पत्त्यावर प्रोसेसरची स्वतःची रजिस्टरं (चालू हिशोबाचे आकडे ठेवायच्या जागा) बसलेली असतात. पुढचं काय सांगावं!

फ्रीआरटीओएस ही छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी वाटायचे तयार पर्याय देते. त्यातल्या हीप_१ मध्ये घेतलेली मेमरी परत करायची सोयच नाही. लोक हसतात, मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हीप_४ शेजारचे मोकळे तुकडे जोडतो, तरी ‘एकूण मोकळी जागा’ या आकड्यावर भाळू नये. सर्वांत मोठा सलग तुकडा केवढा, ते बघावं.

त्यापेक्षा पूल बरा, म्हणजे एकाच मापाच्या ब्लॉकचा साठा. ६४ बाइटचे ८ ब्लॉक, म्हणजे ५१२ बाइटचा स्टॅटिक, आधीच राखून ठेवलेला अ‍ॅरे. मोकळ्या ब्लॉकमध्येच पुढच्या मोकळ्याचा पत्ता ठेवायचा. घेताना यादीच्या तोंडचा उचलायचा, देताना तोंडाशीच ठेवायचा. सगळे एकाच मापाचे, त्यामुळे तुकड्यांची भानगड नाही. १० बाइटच्या निरोपामागे ५४ वाया जातात, जाऊ द्या. इंटरप्टमधूनही (चालू काम मधेच थांबवून धावणाऱ्या कोडमधूनही) पूल वापरणार असाल तर उचल-ठेव करताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा. आणि एकच ब्लॉक लागोपाठ दोनदा परत केलात, तर तो स्वतःकडेच बोट दाखवतो आणि पुढच्या दोघांना तोच एक ब्लॉक वाटला जातो.

राहिला स्टॅक. सुरुवातीला तो हेक्स ए५ या खुणेच्या बाइटने भरून टाकावा, यंत्र भरपूर पळवावं, मग किती ए५ शाबूत राहिले ते मोजावं. १८० बाइट उरले म्हणून हायसं वाटतं न वाटतं तोच कोणीतरी डीबगिंगसाठी फंक्शनमध्ये २५६ बाइटचा बफर लिहितो. ‘तात्पुरता आहे हो!’