तळ गेला, पुढे काय?
परदेशी लष्करी तळ उठला की देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र, असं या विषयावरच्या लेखात लेखक म्हणतात. मग फिलिपिन्सचं काय? 16 सप्टेंबर 1991 रोजी तिथल्या सिनेटने सुबिक बे इथला अमेरिकी नौदल तळ पुढे चालू ठेवण्याचा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला. करार टिकावा म्हणून खुद्द अध्यक्षा कोराझोन अकिनो मोर्चा घेऊन निघाल्या होत्या, तरीही! (क्लार्क इथला अमेरिकी हवाई तळ पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेने आधीच निकालात काढला होता.) 1992 अखेर अमेरिकी नौदल गेलं, 1995त फिलिपिन्स दावा सांगत असलेल्या, दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचीफ रीफ या प्रवाळबेटावर चिनी बांधकाम उभं. ते 12 जण चुकले असं मी म्हणणार नाही. पण स्वतःचं नौदल कुणी उभारलं? 1999त फिलिपिन्सवर दुसऱ्या महायुद्धातलं गंजकं जहाज मुद्दाम प्रवाळात रुतवून त्यालाच चौकी म्हणायची वेळ आली. 2014त अमेरिकी सैन्याला तिथले तळ वापरू देणारा करार पुन्हा झालाच.