गोळ्यांची तुला

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रंगीत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग मी प्रथम पाहिला, तेव्हा त्यातली एखादी उचलावी की नाही, असा संकोच आजूबाजूच्या प्रेक्षकांना पडला होता. मला मात्र लहानपणी पाहिलेली एका पुढाऱ्याची पेढेतुला आठवली. क्यूबात जन्मलेल्या फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचे हे मांडणशिल्प १९९१ चे, आणि त्याचा जोडीदार रॉस लेकॉक एड्सने गेला तोही त्याच वर्षी. ढिगाचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. ते निरोगी रॉसचे वजन, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. येणारेजाणारे गोळ्या नेतात, ढीग रोडावतो आणि पुन्हा भरता येतो. आपल्या तुलेत एका पारड्यात माणूस बसलेला असतो. इथे तेच पारडे रिकामे आहे.

समलिंगी नात्यांबद्दल ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे घरून फोनवर ऐकताना मला हा ढीग आठवतो, कारण वजनाइतके गोड वाटणे मला कुणी शिकवावे लागले नव्हते. शिकायचे राहिले होते ते ‘रूममेट’ या शब्दाऐवजी ‘जोडीदार’ म्हणणे, आणि ते मला चाळिशीत, त्याच दालनात, सोबतच्या सहकाऱ्याला रॉस कोण हे सांगताना प्रथम जमले.

म्हणून परदेशाला प्रशस्तिपत्र देण्याची मात्र घाई नको. २०२२ मध्ये याच संग्रहालयाच्या माहितीपाटीवरून रॉस कोण आणि तो कशाने गेला हे गायब झाल्याचे प्रेक्षकांनी दाखवून दिले. शीर्षकात नाव उरले, पण वजन झाले सरासरी प्रौढ पुरुषाचे. टीकेनंतर मजकूर पुन्हा बदलून रॉसचा उल्लेख परत आला.

नाव गाळून माणूस ठेवून घेण्याची ही रीत माझ्या ओळखीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आम्हाला गुन्हेगारीतून सोडवले आणि २०२३ मध्ये विवाहाची मान्यता नाकारली, आणि आमचे घरही नेमके या दोन निकालांच्या मधे कुठेतरी राहते. पुतणीच्या लग्नाला आम्ही दोघांनी यावे म्हणून काकांनी तिकिटे काढेपर्यंत पिच्छा सोडला नाही, जेवणाच्या पानांच्या हिशेबातही दोघे धरले. पत्रिकेत मात्र सगळ्या जोडप्यांच्या यादीत माझे नाव एकटेच छापले होते.